तिकीट ठरण्याआधीचा मतदार

“मी कुठल्याच पक्षाचा नाही. मी माणूस बघून मत देतो.”

हे वाक्य मराठी घरांत, एसटीच्या बाकावर, सोसायटीच्या जिन्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते म्हणणाऱ्याला आपल्याकडे मान आहे आणि तो असायला हवा. आपलं मत विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, जातीच्या किंवा गल्लीच्या गठ्ठ्यात बांधू द्यायचं नाही, अशी जिद्द त्यामागे असते. तरीही या वाक्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो: कुठल्या निवडणुकीबद्दल बोलताय? ग्रामपंचायतीत हे वाक्य जवळजवळ पूर्ण खरं ठरतं, महापालिकेच्या प्रभागात अर्धंमुर्धं, आणि विधानसभेच्या केंद्रावर त्यातलं फार थोडं उरतं. पक्षाशी जोडून घ्यावं की नाही, हा प्रश्न स्वभावाचा किंवा तत्त्वाचा म्हणून मांडला की वाद संपतच नाही. निवडणुकीची एकेक पायरी तपासत गेलं तर मात्र बरंचसं उलगडतं.

सुरुवात विधानसभेपासून करतो, कारण गैरसमज तिथे सगळ्यांत मोठा आहे.

१९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, जोडलं गेलं. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिला, त्यासाठी आधी परवानगी घेतली नसेल आणि पक्षाने पंधरा दिवसांच्या आत ते माफही केलं नसेल, तर त्याची आमदारकी जाऊ शकते. आता समजा, तुम्ही एक अभ्यासू, स्वच्छ हाताची, शेतीपाण्याची जाण असलेली व्यक्ती बघून मत दिलंत. ती निवडून आली. सभागृहात एक विधेयक आलं, ते तिला मनापासून पटलेलं नाही. ती चर्चेत उभी राहून शंका मांडू शकते, दुरुस्ती सुचवू शकते. पण पक्षाच्या प्रतोदाने काढलेला पक्षादेश, म्हणजे व्हिप, हातात पडल्यावर मत द्यायच्या क्षणी तिचा हात पक्षाचा असतो. १९९२च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे परिशिष्ट उचलून धरलं, मात्र व्हिपचं हे बंधन सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाशी संबंधित मतदानापुरतं असावं असाही अर्थ लावला. व्यवहारात व्हिप त्याहून कितीतरी सढळ हाताने निघतो.

म्हणजे माणूस बघून दिलेलं मत कायदा करताना पक्षाचं मत म्हणून मोजलं जातं. माणसाचा गुण वाया जातो असं मात्र नाही. तारांकित प्रश्न कोण विचारतो, लक्षवेधी कोण लावतो, समितीच्या बैठकीला फाईल वाचून कोण जातो, तालुक्याच्या अधिकाऱ्याला रात्री फोन कोण करतो, आमदार निधी गटारावर जातो की शाळेच्या छपरावर, हे सगळं माणसावर ठरतं. तेव्हा विधानसभेचं एकच बटण दाबताना आपण दोन वस्तू एकत्र घेत असतो: मतदारसंघासाठी एक माणूस आणि राज्याच्या कायद्यांसाठी एक पक्ष. “मी पक्ष बघतच नाही” म्हणणारा दुसरी वस्तू न तपासता घरी आणतो.

याला तोड म्हणून अपक्षाकडे बघितलं जातं. अपक्ष उमेदवाराला कोणाचा व्हिप नसतो, हे खरंच. पण त्याच्या वाटेवरचे खाचखळगे नीट माहीत असावेत.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर नाव सुचवून सही करणारा एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. विधानसभेसाठी अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ५ हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि सगळ्यांत शेवटी अपक्ष. हे सगळं निभावता येतं. खरी अडचण चिन्हाची. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. २०२४च्या विधानसभेला ही मुदत ४ नोव्हेंबरला संपली, मतदान २० नोव्हेंबरला होतं, प्रचार १८च्या संध्याकाळी थांबला. म्हणजे दीड-दोनशे गावं, वाड्या-वस्त्या आणि हाती चौदा दिवस. एवढ्या वेळात लोकांच्या डोक्यात एक नवं चित्र बसवायचं. त्या निवडणुकीत २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते, त्यांतले निम्मे अपक्ष. निवडून आले दोन.

चिन्हाची सवय किती खोल असते, याचा दाखला त्याच वर्षीच्या लोकसभेत साताऱ्याने दिला. राष्ट्रवादी काँग्रेस शरदचंद्र पवार गटाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाला ट्रम्पेट मिळालं, ज्याला लोक पिपाणी म्हणतात आणि चिन्हांच्या मराठी यादीत ज्याचं नाव ‘तुतारी’ होतं. त्या अपक्षाला सुमारे ३७ हजार मतं पडली. शरद पवारांच्या पक्षाचा उमेदवार तिथे हरला तो सुमारे ३३ हजारांनी. ही सगळी मतं चुकून गेली असं सिद्ध करता येत नाही. पण नवं चिन्ह, अंधुक छपाई आणि वयस्कर डोळे एकत्र आले की काय होऊ शकतं, ते कळायला एवढे दोन आकडे पुरेत.

उलट उदाहरणही आहे. त्याच लोकसभेत सांगलीत विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष लढले आणि एक लाखाहून जास्त मतांनी जिंकले. पण ते अपक्ष का होते? सांगलीची जागा आघाडीत काँग्रेसऐवजी शिवसेनेच्या ठाकरे गटाला सुटली म्हणून. निवडून आल्यावर त्यांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. १९९५च्या विधानसभेत ४५ अपक्ष आले होते, त्यांतले बरेच काँग्रेसचे बंडखोर. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ होत होते, बहुमताला १४५ लागत होते, आणि ती दरी अपक्षांनी भरली. दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपक्ष आमदाराला निवडून आल्यावर पक्षात प्रवेश करता येत नाही, केला तर तो अपात्र ठरतो. पाठिंबा मात्र कोणालाही देता येतो. म्हणजे पक्षाचा आमदार कोणाबरोबर बसेल ते मतपत्रिकेवर निदान लिहिलेलं तरी असतं, अपक्षाचं तेही नसतं. अपक्षाला मत द्यायचं असेल तर एक प्रश्न सभेत, सगळ्यांसमोर विचारून घ्यावा: सरकार बनवताना कोणाबरोबर जाल आणि कोणत्या अटीवर? उत्तर मिळालं नाही, तर आपण त्याला कोरा धनादेश देतो आहोत.

मग पक्षाचं नाव तरी भरवशाचं आहे का? गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने याचं उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. १७ फेब्रुवारी २०२३ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिला. ६ फेब्रुवारी २०२४ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला. ११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रतोद नेमायचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. तेव्हा मूळ पक्ष कोणता हे ठरवायची वेळ आली, आणि १० जानेवारी २०२४च्या निर्णयात विधानसभा अध्यक्षांनी आयोगाच्या दप्तरी असलेली शिवसेनेची १९९९ची घटना, म्हणजे पक्षाची नियमावली, ग्राह्य धरली, २०१८ची नाही. चाळीस-चाळीस वर्षं शाखेत बसलेल्या माणसांनी जिला कधी हात लावला नव्हता, त्या वहीवर त्यांच्या पक्षाचं नाव कोणाचं हे ठरलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, बाजू कोणतीही असो. पक्षाचा झेंडा खांद्यावर घेण्याआधी त्या पक्षाची घटना वाचावी, अध्यक्ष कोण निवडतं आणि त्याला कोण काढू शकतं ही दोन कलमं तरी वाचावीत, असं आता ठामपणे म्हणावंसं वाटतं. ही घटना पक्षाने आयोगाकडे दिलेली असते. निष्ठा पुढे कोणाकडे वळवली जाईल, ते त्या दोन कलमांत असतं.

गोव्याचं तर याहून कठीण. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरण केलं. २०२२च्या निवडणुकीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा दिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ आमदार गेले. एकट्याने गेलं तर पक्षांतर, दोन तृतीयांशांनी मिळून गेलं तर विलीनीकरण, अशी कायद्याची वाट आहे. आधी एक तृतीयांशांच्या फुटीलाही सवलत होती, ती २००३च्या ९१व्या दुरुस्तीने गेली. छोट्या विधानसभेत दोन तृतीयांश म्हणजे सात-आठ माणसं. तेवढी माणसं एका खोलीत मावतात.

पण गोवा म्हटलं की मला १९६७ आठवतं, आणि या विषयावर त्याच्याइतकं शिकवणारं उदाहरण आपल्या प्रदेशात दुसरं नाही.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष विलीनीकरणाचा पुरस्कार करत १९६३ साली सत्तेवर आलेला. जॅक द सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात. साधा हिशोब असा झाला असता, की मगोचं सरकार निवडून आलं म्हणजे विलीनीकरणाला कौल मिळाला. तसं न करता प्रश्न वेगळा काढला गेला. बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला आणि १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर पक्ष नव्हते, दोन चिन्हं होती: विलीनीकरणासाठी फूल, वेगळ्या गोव्यासाठी दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. आणि त्यानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांनी, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा याच गोव्याने मगो पक्षाला आणि बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं.

कोणत्या मतदाराने दोन्ही वेळा काय केलं, ते मतपेटी सांगत नाही. पण निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले, की त्या जनतेचा शहाणपणा दिसतो: तुमचा हा मुद्दा आम्हाला मान्य नाही, तुमचं राज्य मान्य आहे. भाषेचं लेबलही असंच बाजूला ठेवलं गेलं. वेगळ्या गोव्यासाठी हिरिरीने लढणारं एक दैनिक मडगावचं ‘राष्ट्रमत’ होतं, उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ सदर त्यातच येई, आणि ते दैनिक मराठी होतं. मराठी वाचायचं, मराठीवर प्रेम करायचं आणि महाराष्ट्रात जायचं नाही असं ठरवायचं, यात त्या वाचकांना विसंगती वाटली नाही.

हे जमलं, कारण दोन प्रश्नांसाठी दोन मतपत्रिका होत्या. एरवी आपल्याला एकच मिळते. धरण, आरक्षण, वीजदर, शाळा, पुतळे, सगळ्यांचं मिळून एक बटण. म्हणून मुद्द्यावर वेगळं मत नोंदवायची जागा मतदानाच्या दिवशी सापडत नाही, ती इतरत्र शोधावी लागते.

काही काळ मुद्दाच पक्षाची जागा घेतो, तेही आपण पाहिलं आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीत १९५७ साली समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, अशी एरवी एका ताटात न जेवणारी माणसं एका नावाखाली उभी राहिली. १ मे १९६०ला राज्य मिळालं. १९६२च्या विधानसभेत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला गेल्या. लोकांनी समितीला फसवलं असं मी म्हणणार नाही. काम होतं तोवर तो बिल्ला लावला, काम झालं, बिल्ला उतरवला. मतदाराचं पक्षाशी नातं असं मुदतीचं आणि कामाचं असावं, असं माझं मत आहे.

माणूस बघून मत द्यायचं सुख अजून कुठे शिल्लक आहे, तर ते खालच्या पायऱ्यांवर, आणि एका विसरल्या गेलेल्या वरच्या पायरीवर.

ग्रामपंचायतीची निवडणूक महाराष्ट्रात पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनल असतात, पुरस्कृत असतात, निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्या सरपंचांचे आकडे जाहीर करतो, पण मतपत्रिकेवर कप, कपाट, छत्री असतं. वॉर्डात दोन-तीन जागा असल्या तर प्रत्येक जागेला वेगळं मत, त्यात सरपंचाचं आणखी वेगळं. इथे पॅनलची अख्खी पट्टी दाबून येणं म्हणजे हातातलं स्वातंत्र्य परत करणं. पाण्याची टाकी कोणी भरून घेतली, घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव कसं आलं, हे शेजाऱ्याला ठाऊक असतं. तेवढ्या माहितीवर ठरवावं.

महापालिकेत, मुंबई सोडली तर, बहुतेक ठिकाणी बहुसदस्यीय प्रभाग असतात. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार वेगळ्या रंगांच्या मतपत्रिका, चार बटणं. प्रत्येक जागेवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (नोटा) हाही पर्याय असतो. चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एकच दाबून बाहेर पडणाऱ्याला केंद्राध्यक्ष परत बोलावतात, ते यामुळेच. गडबड इथे होते: प्रत्येक जागेवर नावांचा क्रम वेगळा असतो, आणि पहिल्या मतपत्रिकेवर तिसरं दाबलं म्हणून सगळीकडे तिसरंच दाबलं जातं. चार जागांचं मत फोडणाऱ्याने घरूनच चार नावं कागदावर लिहून पाठ करून जावं. मात्र नगरसेवकही पुरता मोकळा नसतो. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ त्याला व्हिपने बांधतो. म्हणून वर अर्धंमुर्धं म्हटलं.

विसरली गेलेली पायरी म्हणजे विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ. महाराष्ट्रात असे सात आहेत. इथे यंत्र नाही, कागद आहे, आणि पसंतीक्रम आहे. स्वतंत्र बुद्धीच्या मतदारासाठी याहून चांगली मतपत्रिका आपल्या देशात नाही, असं मी म्हणेन. पहिली पसंती मनातल्या अपक्षाला, दुसरी परवडणाऱ्या पक्षाच्या उमेदवाराला. पहिला बाद झाला तरच मत दुसऱ्याकडे सरकतं. दुसरी पसंती लिहिल्याने पहिल्याचं कणभरही नुकसान होत नाही. “अपक्षाला मत दिलं तर वाया जाईल” ही भीती इथे उरतच नाही. जिंकायला एकूण वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं. २०२३मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात सत्यजित तांबे असेच अपक्ष निवडून आले.

पण ही मतं बाद फार होतात, आणि तीही शिकलेल्यांची. केंद्रावर दिलेलं जांभळ्या शाईचं स्केचपेनच वापरायचं, खिशातलं पेन नाही. आकडा लिहायचा, ‘एक’ असा शब्द नाही, बरोबरची खूण नाही, सही तर मुळीच नाही. १ हा आकडा एकाच नावासमोर. दुसरी-तिसरी पसंती लिहिलीच पाहिजे असं नाही, पण १ नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. आणि सगळ्यांत आधी नाव यादीत हवं. ही यादी विधानसभेच्या यादीवरून बनत नाही आणि मागच्या वेळचं नाव पुढे चालत नाही. दर निवडणुकीला ती नव्याने होते. नमुना १८ भरायचा. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली असावीत. लाखो पदवीधर असलेल्या जिल्ह्यांत नोंदणी तुटपुंजी राहते ती केवळ या अर्जामुळे. पक्ष आपल्या माणसांचे अर्ज गठ्ठ्याने भरून घेतात. कुठल्याच पक्षाचा नसलेला मतदार घरी राहतो, आणि जिथे त्याची सर्वाधिक चलती होती तिथेच तो नसतो.

‘नोटा’बद्दल थोडंच. २०१९मध्ये लातूर ग्रामीणमध्ये तो २७,५०० मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. जिंकलेल्या उमेदवाराला १,३५,००६ मतं होती. विधानसभा-लोकसभेत नोटा पहिला आला तरी निकाल बदलत नाही. नोटापाठोपाठचा उमेदवार निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगाच्या ६ नोव्हेंबर २०१८च्या आदेशाने मात्र महाराष्ट्राच्या शहरी स्थानिक निवडणुकांत नोटाला काल्पनिक उमेदवार मानलं जातं. तो पहिला आला तर फेरनिवडणूक होते. इथे नोटाला दात आहेत, पण ते एकदाच चावतात: फेरनिवडणुकीतही तोच पहिला आला, तर त्याच्या खालोखालचा उमेदवार विजयी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तिकीट.

उमेदवारी कागदावर ठरते ती एबी फॉर्मने. ए फॉर्ममध्ये पक्ष सांगतो की आमच्या वतीने नावं कळवायचा अधिकार कोणाला, बी फॉर्ममध्ये तो पदाधिकारी नाव कळवतो. दोन्ही फॉर्म शाईच्या सहीने, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचायला हवेत. आपल्याकडे याची रीत अशी, की शेवटच्या रात्रीपर्यंत फॉर्म कोणाच्या खिशात आहे ते कळत नाही. म्हणून जाणता इच्छुक दहा सूचक घेऊन दुसरा अर्ज भरून ठेवतो. बी फॉर्म आला नाही तर एका सूचकाचा अर्ज छाननीत बाद होतो, दहांचा अपक्ष म्हणून टिकतो. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. बंडखोरी होते तीही इथूनच. मतदाराची निवड या दुपारी तीनला संपलेली असते. पुढे पंधरा-वीस दिवस चालतं ते दोघा-तिघांतलं वजाबाकीचं गणित.

अमेरिकेतल्या मराठी माणसांना ही गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. तिथे पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्ष लिहिलेला नसेल तर पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नाही. त्या नोंदीने नोव्हेंबरचं मत बांधलं जात नाही. ती नुसती तिकीट ठरण्याच्या खोलीची किल्ली आहे. मिशिगनमध्ये तर नोंदच लागत नाही, त्या दिवशी एका पक्षाचा रकाना निवडायचा, एवढंच. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ साली तिथून अमेरिकी काँग्रेसवर गेले, ते ऑगस्टच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मतं मिळवून. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी निवड ऑगस्टमध्येच झाली. “मी कोणाचाच नाही” म्हणून त्या दिवशी घरी बसलेल्याने नोव्हेंबरमध्ये शिक्कामोर्तब तेवढं केलं. तिथे लेबल लावायचा सल्ला मी बेधडक देईन.

आपल्याकडे त्या खोलीला मतदारासाठी दारच नाही. मिस्ड कॉलने मिळालेलं प्राथमिक सदस्यत्व तिकिटावर मत द्यायचा हक्क देत नाही. काँग्रेसने ऑक्टोबर २०२२मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक घेतली, खरगेंना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मतं पडली. ही मतं प्रदेश प्रतिनिधींची होती, सामान्य सदस्याची नव्हती. सरकारी नोकराला तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९च्या नियम ५ने कुठल्याही पक्षाचं सदस्य होताच येत नाही. तो मत देऊ शकतो, कोणाला देणार किंवा दिलं हे सुचवूही शकत नाही.

मग दार नाही तर खिडकी शोधावी लागते, आणि ती आहे. निवडणुकीच्या काही महिने आधी पक्ष इच्छुकांचे अर्ज मागवतात, निरीक्षक पाठवतात, जिल्ह्याच्या ठिकाणी मुलाखती होतात. निरीक्षकाच्या हातात त्या वेळी एक कागद असतो: नमुना २०. निकालानंतर हा तक्ता जाहीर होतो, कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मतं, ओळीने. आपलं एकट्याचं मत गुप्त राहतं, पण हजार-बाराशे मतदारांच्या आपल्या केंद्राचा स्वभाव पक्षांना तोंडपाठ असतो. २०२४मध्ये महाराष्ट्राने जूनच्या निकालात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि नोव्हेंबरमध्ये भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी या तिघांना मिळून २३० जागा. असं हलणारं केंद्र पक्षांना अस्वस्थ करतं, आणि पक्ष ऐकतात ते त्याचंच. जे केंद्र दर वेळी एकालाच देतं, त्याला एक पक्ष गृहीत धरतो आणि दुसरा सोडून देतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की स्वतंत्र मतदाराने पक्षाचा बिल्ला लावू नये, पण पक्षापासून लांबही राहू नये. ज्या पक्षाला मत देण्याची शक्यता आहे, त्याच्या निरीक्षकाला मुलाखतींच्या काळात भेटावं. एकट्याने नव्हे, आपल्या केंद्रातल्या पन्नास-शंभर जणांच्या सह्यांनिशी. पत्र एका पानाचं: कोणते इच्छुक आम्हाला चालणार नाहीत आणि का, कोणते तीन प्रश्न त्यांनी लेखी सोडवून द्यावेत. हेच पत्र दुसऱ्या पक्षालाही द्यावं आणि दोघांना दिलं आहे हे पत्रातच लिहावं. सोबत मागच्या दोन निवडणुकांच्या नमुना २०मधली आपल्या केंद्राची ओळ जोडावी.

उमेदवारावर फौजदारी खटले असतील तर त्याला निवडल्यापासून ४८ तासांच्या आत पक्षाने कारण जाहीर करायचं असतं, आणि नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२०च्या आदेशात म्हटलं आहे. ते सी-७ नमुन्यात पक्षाच्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रात येतं. ‘समाजकार्याची आवड’, ‘लोकप्रिय नेतृत्व’ अशा छापील ओळी तिथे असतात. ज्या पक्षाला आपण एरवी मत दिलं असतं, त्याचाच सी-७ आधी वाचावा आणि पटला नाही तर तालुकाध्यक्षाला तसं लेखी कळवावं. विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याने काढलेली चूक तो वहीत नोंदवत नाही. जाऊ शकणाऱ्या मताची नोंदवतो.

मुलाखतींच्या तारखा जिल्हा पक्ष कार्यालयाच्या फलकावर लागतात, स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर दोन ओळींत येतात. बहुतेक वेळा तिथे इच्छुक असतात, त्यांच्या गाड्या असतात, घोषणा देणारी मुलं असतात. मतदार म्हणून आलेला माणूस नसतो. निरीक्षकाची वेळ साधारण सकाळी अकराची दिलेली असते.